मोटारसायकलची शक्ति आणि कारखानदाराची हमी

मोटारसायकल विकत घेणारा मनुष्य एकाच पावतीवर दोन गोष्टी घरीं आणतो. पहिली म्हणजे डोळ्यांना दिसणारें यंत्र. दुसरी म्हणजे कारखानदारानें कागदावर लिहून दिलेलें वचन कीं, अमुक वर्षांच्या किंवा अमुक किलोमीटरांच्या आंत यंत्रांत घडणीचा अगर मालाचा दोष निघाल्यास तो भाग विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून मिळेल. या वचनास हमी अथवा वॉरंटी म्हणतात. पहिल्या वस्तूची काळजी सर्वच जण घेतात. दुसरीची आठवण बहुधा यंत्र बिघडल्यावर होते. आणि पुष्कळदां असें आढळून येतें कीं, इंजिनाची शक्ति वाढविण्याच्या नादांत ती केव्हांच हातची निघून गेली आहे.

नोकरीस नुकताच लागलेला एखादा तरुण तीन-साडेतीन लाखांची गाडी हप्त्यांवर घेतो. दोन महिने जातात न जातात तोंच त्याच्या कानावर येऊं लागतें कीं, सायलेन्सर बदलला तर गाडी मोकळी होते, एअर फिल्टर बदलला तर ती जोरानें उचलते, आणि संगणकाचा छोटा जोड बसविला तर तिची सुप्त शक्ति जागी होते. बाजारांतील दुकानदार सांगतो, "हमीला कांहींएक होत नाहीं." शोरूममधील मनुष्य सांगतो, "एक स्क्रू जरी बाहेरचा लावलात तरी हमी संपली." या दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्ही अपुरीं आहेत. खरें उत्तर मिळविण्यास तीन गोष्टींचा विचार करावा लागतो: इंजिनाची शक्ति कशी उत्पन्न होते, हमीचें वचन कोणास कितपत बांधतें, आणि रस्त्यावरील वाहनांविषयींचा कायदा काय म्हणतो.

प्रथम शक्तीचा विचार करूं. उदाहरणार्थ २०१८ सालीं बाजारांत आलेली रॉयल एन्फिल्ड कंपनीची इंटरसेप्टर ६५० ही मोटारसायकल घ्यावी. तिच्या इंजिनांत दोन सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ७८ मिलिमीटर आहे, आणि त्यांतील पिस्टन, म्हणजे दट्ट्या, ६७.८ मिलिमीटर खालीं-वर सरकतो. दोन्ही सिलिंडरांचें मिळून आकारमान ६४८ घनसेंटिमीटर भरतें. पहिल्या आवृत्तीच्या वेळीं कंपनीनें दिलेल्या आंकड्यांप्रमाणें मिनिटास ७,२५० फेऱ्यांच्या वेळीं या इंजिनाची शक्ति सुमारें ४७ अश्वशक्ति, आणि ५,२५० फेऱ्यांच्या वेळीं त्याचा पीळ, ज्यास टॉर्क म्हणतात, तो ५२ न्यूटन-मीटर असतो.

पीळ आणि शक्ति या दोन भिन्न वस्तु आहेत. स्क्रू पिळतांना मनगट जो जोर लावतें तो पीळ. आणि तो जोर कायम ठेवून मनगट मिनिटांत किती वेळां फिरतें यावर शक्ति अवलंबून असते. या इंजिनाचा पीळ ५,२५० फेऱ्यांना शिगेस पोहोंचतो; त्या वेळीं शक्ति हिशेबानें सुमारें ३८ अश्वशक्ति भरते. पुढें ७,२५० फेऱ्यांपर्यंत पीळ ४६ न्यूटन-मीटरपर्यंत उतरतो. तथापि फेऱ्या वाढल्यामुळें शक्ति ४७ वर जाते. जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापलेला शक्तीचा आंकडा हा अशा रीतीनें टोंकाच्या फेऱ्यांचा असतो. शहरांतील रस्त्यावर त्या फेऱ्यांपर्यंत इंजिन क्वचितच जातें. तेव्हां कोणी "तीन अश्वशक्ति वाढली" असें म्हणाला तर ती कोणत्या फेऱ्यांना वाढली हें विचारणें अवश्य आहे. पुष्कळदां टोंकाला थोडी वाढ होते, आणि रोजच्या उपयोगाच्या मधल्या फेऱ्यांत तितकीच घट होते.

आतां हा पीळ येतो कोठून? पेट्रोलमध्यें उष्णता सांठविलेली असते हें खरें. परंतु पेट्रोल अधिक ओतणें सोपें आहे. अवघड आहे तें अधिक हवा आंत घेणें. एक भाग वजनाचें पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें १४.७ भाग वजनाची हवा लागते. वरील इंजिनास दोन फेऱ्यांत एकदां ६४८ घनसेंटिमीटर हवा ओढतां येते. मिनिटास ७,२५० फेऱ्या धरल्या आणि प्रत्येक वेळीं सिलिंडर पूर्ण भरला असें मानलें, तर एका मिनिटांत सुमारें २,३५० लिटर हवा त्यांतून जाते. ही हवा फिल्टरमधून, अरुंद नळ्यांतून, क्षणार्ध उघडणाऱ्या झडपांवाटे आंत शिरते, आणि जळून झाल्यावर दुसऱ्या झडपांवाटे सायलेन्सरमधून बाहेर पडते. वाटेंतील अडथळा कमी करणें, हाच शक्ति वाढविण्याच्या बहुतेक उपायांचा मूळ हेतु असतो.

हवेचें महत्त्व किती आहे हें महाराष्ट्रांतील प्रवाशास सह्याद्रि चढतांना सहज दिसतें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आहे. तेथें हवेची घनता कोंकण किनाऱ्याच्या मानानें सुमारें बारा टक्क्यांनीं कमी असते. म्हणून महाडहून पोलादपूरमार्गें घाट चढून गेलेल्या गाडीची पूर्ण शक्ति सुमारें तितक्याच प्रमाणांत घटते. पुणें सुमारें ५६० मीटर उंचीवर असल्यामुळें तेथेंही पांच टक्क्यांची घट आहेच. बाहेरचा फिल्टर आणि सायलेन्सर बदलून जी वाढ मिळते ती सामान्यतः या घटीहूनही लहान असते. म्हणजे हजारों रुपये खर्चून जें विकत घ्यावयाचें तें निसर्ग एका घाटांत परत घेतो. हा खर्च करणाऱ्यानें ही तुलना आधीं मनाशीं करावी.

आतां प्रचारांतील तीन फेरफार क्रमानें पाहूं. पहिला एअर फिल्टरचा. कारखान्याच्या फिल्टरांत बहुधा घड्यांचा कागद असतो. बाहेर मिळणाऱ्या कांहीं फिल्टरांत तेल लावलेलें कापड असतें. कापडांतून हवा सुलभ जाते. पण आपल्याकडील धुळीच्या रस्त्यांवर बारीक धूळ अडविण्याचें काम कागद बहुधा अधिक चोख करतो. धुळीचा कण इंजिनांत गेला कीं पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांवर तो कानस चालविल्याप्रमाणें काम करतो. ही झीज एका दिवसांत दिसत नाहीं. दोन-तीन वर्षांनीं गाडी तेल जाळूं लागते तेव्हां दिसते.

दुसरा फेरफार सायलेन्सरचा. सायलेन्सर केवळ आवाज दाबतो अशी समजूत आहे, ती पुरी नाहीं. बाहेर पडणाऱ्या वायूच्या लाटा नळींत पुढें-मागें आदळतात. नळीची लांबी व रुंदी नीट योजली असेल तर परत येणारी लाट योग्य क्षणीं सिलिंडर रिकामा होण्यास मदत करते. अगदीं मोकळा नळ बसविल्यानें हें गणित मोडतें. आवाज वाढतो आणि मधल्या फेऱ्यांतील पीळ कमी होतो. मनुष्याचा कान मोठ्या आवाजास मोठी शक्ति समजतो, म्हणून ही घट मालकास जाणवत नाहीं. शिवाय आजच्या गाड्यांत त्याच मार्गावर उत्प्रेरक, म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर, बसविलेला असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंच्या साहाय्यानें तो विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलें इंधन आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें निरुपद्रवी करतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाप्रमाणें दुचाकीनें किलोमीटरास १ ग्रॅमहून अधिक कार्बन मोनॉक्साइड आणि ६० मिलिग्रॅमहून अधिक नायट्रोजन ऑक्साइडें सोडतां कामा नयेत. उत्प्रेरक काढून टाकलेली गाडी ही मर्यादा पाळूं शकत नाहीं.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा फेरफार संगणकाचा. पूर्वीं कार्बुरेटरमधील जेट बदलून मिश्रण कमी-अधिक करीत. आतां हें काम ईसीयू नांवाचा छोटा संगणक करतो. त्याच्या स्मृतींत कोष्टकें असतात. अमुक फेऱ्या, अमुक थ्रॉटल, अमुक तपमान, तर अमुक वेळ पेट्रोलचा फवारा आणि अमुक क्षणीं ठिणगी. बाहेर जाणाऱ्या धुराच्या मार्गावर प्राणवायूची मात्रा पाहणारा एक सेन्सर असतो. गाडी शांतपणें चालत असतां हा सेन्सर सांगतो तसें संगणक मिश्रण क्षणोक्षणीं सुधारून १४.७ च्या जवळ ठेवतो. म्हणून फिल्टर बदलल्यानें अशा चालीवर शक्तींत विशेष फरक पडत नाहीं. मालकानें केलेला बदल संगणक मुकाट्यानें निस्तरून टाकतो.

परंतु थ्रॉटल पूर्ण उघडला कीं गोष्ट बदलते. त्या वेळीं बहुतेक गाड्यांचा संगणक सेन्सरचें न ऐकतां कोष्टकाप्रमाणें चालतो, आणि तें कोष्टक कारखान्याच्या फिल्टरास व सायलेन्सरास अनुसरून केलेलें असतें. पूर्ण जोराच्या वेळीं कारखाना मुद्दाम पेट्रोल थोडें अधिक देतो, कारण तें जास्तीचें पेट्रोल सिलिंडरांतील उष्णता शोषून घेतें. आतां हवा वाढली पण पेट्रोल तेवढेंच राहिलें, तर मिश्रण पातळ होतें आणि हें शीतलतेचें आच्छादन नाहींसें होतें. एक्झॉस्टची झडप आणि पिस्टनचा माथा प्रमाणाबाहेर तापतो. त्यांतच मिश्रणाचा न जळलेला भाग ठिणगीची ज्वाला पोहोंचण्यापूर्वींच एकदम पेटला तर हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो. यासच नॉकिंग म्हणतात. आज देशांत २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्रास विकलें जातें. अशा इंधनास लागणाऱ्या हवेचें प्रमाण १४.७ नसून १३.५ च्या आसपास असतें. म्हणजे जुन्या कोष्टकाच्या गाडीस तें मूळचेंच थोडें पातळ पडतें. त्यावर आणखी हवा मोकळी केली तर कारखान्यानें राखलेली सुरक्षिततेची शिल्लक दोन्ही बाजूंनीं खर्च होते.

यावर उपाय म्हणून संगणकाचें कोष्टक नव्यानें लिहितात किंवा पिगीबॅक नांवाची पेटी तारांच्या मध्यें बसवितात. जाणकार मनुष्यानें डायनॅमोमीटरवर गाडी चालवून, धुराचें मोजमाप घेऊन कोष्टक तयार केलें तर काम चांगलें होऊं शकतें. पण बाजारांत पुष्कळदां एकाच सांच्याचें कोष्टक सर्व गाड्यांना दिलें जातें. शिवाय ठिणगीचा क्षण पुढें ओढून आणि फेऱ्यांची कमाल मर्यादा वाढवून मिळविलेली शक्ति फुकट नसते. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्लच व गिअर यांचें आयुष्य त्या मानानें कमी होतें. कारखानदारानें हमीचीं वर्षें ठरवितांना ज्या भाराचा हिशेब केलेला असतो तो भारच मग बदलतो. हमीच्या प्रश्नाचें मूळ येथें आहे.

आतां हमीकडे वळूं. आपल्या देशांत मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या १२ व्या कलमांत विक्रीच्या कराराच्या अटींचे दोन प्रकार केले आहेत. कराराच्या मुख्य हेतूस आवश्यक असलेली ती शर्त. मुख्य हेतूस पूरक असलेली ती हमी. शर्त मोडल्यास घेणारा माल परत करूं शकतो. हमी मोडल्यास नुकसानभरपाई मागूं शकतो. कारखानदाराचें छापील हमीपत्र हें या कायदेशीर हक्कांच्या जोडीस दिलेलें आणखी एक वचन आहे, आणि कोणत्याही वचनाप्रमाणें त्याला अटी जोडलेल्या असतात. वेळेवर सर्व्हिसिंग करणें, सांगितलेलें तेल वापरणें, शर्यतींत गाडी न वापरणें आणि मान्य नसलेले फेरफार न करणें या त्यांतील नेहमींच्या अटी होत. हमीपत्राची पुस्तिका गाडीबरोबर मिळते. पण ती उघडून वाचणारी घरें थोडींच.

या अटींचा न्याय्य अर्थ लावण्यास एक साधी कसोटी आहे: झालेला फेरफार आणि झालेला बिघाड यांत कार्यकारणसंबंध आहे काय? सायलेन्सर बदललेल्या गाडीचा स्पीडोमीटर बंद पडला, तर त्या दोहोंचा संबंध जोडणें कठीण आहे. परंतु पिगीबॅक पेटी बसविलेल्या गाडीच्या पिस्टनला भोंक पडलें, तर ती पेटीच कारण आहे असें म्हणण्यास कारखानदारास मोठा आधार मिळतो. कोणी म्हणेल कीं, शोरूममध्यें नेण्यापूर्वीं पेटी काढून ठेवावी. हा मार्ग प्रामाणिक नाहीं, आणि उपयोगाचाही नाहीं. अनेक संगणकांत नोंदलेले दोष व पुनर्लेखनाच्या खुणा राहतात. तारांवरील जोडांच्या खुणा दिसतात. आणि जळलेला पिस्टन कोणत्या कारणानें जळला हें अनुभवी मेकॅनिकला त्याच्या माथ्यावरून ओळखतां येतें.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू अमेरिकेंत एकाच प्रसिद्ध कारखान्याच्या बाबतींत उघड झाल्या, म्हणून तें उदाहरण बोधप्रद आहे. तेथें १९७५ सालीं मॅग्नसन-मॉस वॉरंटी ॲक्ट नांवाचा कायदा झाला. आमच्याच नांवाचा सुटा भाग वापरा, नाहींतर हमी मिळणार नाहीं, अशी अट सामान्यतः कारखानदारास घालतां येत नाहीं, असें हा कायदा सांगतो. हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या हमीपत्रांतील अटी या तत्त्वाविरुद्ध आहेत, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशननें जून २०२२ मध्यें केला. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अंतिम आदेश निघाला. बाहेरचा भाग वापरल्यानें किंवा बाहेरच्या मेकॅनिककडे दुरुस्ती केल्यानें हमी रद्द होत नाहीं, असें कंपनीनें हमीपत्रांत स्पष्ट लिहावें, असें त्यांत फर्माविलें. गाडीच्या मालकाचा हा विजय होय.

परंतु त्याच कंपनीची २०१६ सालची दुसरी हकिकतही ऐकण्याजोगी आहे. कंपनी स्वतःच सुपर ट्यूनर नांवाचीं उपकरणें विकत होती. इंजिनाच्या संगणकाचीं कोष्टकें बदलून शक्ति वाढविणें हें त्यांचें काम. २००८ सालापासून अशीं सुमारें ३ लाख ४० हजार उपकरणें विकलीं गेलीं, आणि त्यांच्या योगें गाड्यांचा धूर कायद्याच्या मर्यादेबाहेर जातो, असा आरोप तेथील पर्यावरण संरक्षण खात्यानें केला. ऑगस्ट २०१६ मध्यें झालेल्या तडजोडींत कंपनीनें १ कोटी २० लक्ष डॉलर दंड भरण्याचें, विक्री थांबविण्याचें आणि दुकानांत उरलेलीं उपकरणें परत घेऊन नष्ट करण्याचें मान्य केलें. या दोन निकालांत विरोध नाहीं. कोणाचा भाग वापरावा हें मालकाचें स्वातंत्र्य आहे. शेजाऱ्याच्या फुप्फुसांत काय जावें हें मात्र त्याच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं. आणि भाग कारखान्याच्या नांवाचा असला म्हणून तो कायदेशीर ठरतो असेंही नाहीं.

भारतांत अमेरिकेंतल्यासारखा हमीपुरता स्वतंत्र कायदा नाहीं; उलट वाहनांतील फेरफारांविषयींचा कायदा येथें अधिक कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्यानें मुळांत दिलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. केरळमधील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा कडक अर्थ लावून हीच गोष्ट निःसंदिग्ध केली. त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन १८२-अ हें कलम आलें. परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्यांत सांगितल्या आहेत. आवाज आणि धूर यांचीं मानकें मोडणाऱ्यास १९० व्या कलमाखालीं पहिल्या अपराधास १०,००० रुपयांपर्यंत दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते, आणि तीन महिने लायसेन्सही गमवावें लागतें. जप्त केलेले मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलिसांनीं रोडरोलरखालीं चिरडल्याचीं चित्रें महाराष्ट्रांतील वृत्तपत्रांच्या वाचकांस नवीं नाहींत.

येथें एका सर्वसाधारण गैरसमजाचें निरसन केलें पाहिजे. हमीचीं वर्षें संपलीं म्हणजे फेरफाराची मोकळीक मिळते, असें पुष्कळांस वाटतें. हमी हा मालक आणि कारखानदार यांच्यांतील व्यवहार आहे. तो संपला तरी रस्त्याचा कायदा संपत नाहीं. हमी संपण्याची वाट पाहणाऱ्यानें पैशाचा एक धोका टाळला, इतकेंच.

दुसरा धोका विम्याचा, आणि तो हमीहून मोठा आहे. विम्याचा करार परिपूर्ण विश्वासावर उभा असतो. गाडींत झालेला महत्त्वाचा बदल विमा कंपनीस कळविणें मालकाचें कर्तव्य आहे. तो लपविला आणि अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची मागणी नाकारण्यास किंवा कमी करण्यास कंपनीस कारण मिळतें. हमी गेल्यास एक इंजिन जातें. विमा गेल्यास सबंध गाडी जाते, आणि कर्जाचे हप्ते मात्र उरलेल्या महिन्यांत बिनचूक येत राहतात. घरांतील वडील माणसांनीं तरुणास सांगण्यासारखी गोष्ट असेल तर ती ही आहे. केवळ "वेगानें चालवूं नको" या उपदेशापेक्षां ती त्यास लवकर पटेल.

मग हमी चालू असतां गाडीची चाल सुधारण्यास कांहींच मार्ग नाहीं काय? आहे, आणि तो बहुतेकांच्या समजुतीपेक्षां अधिक फलदायी आहे. पहिलें म्हणजे नव्या इंजिनास कारखान्यानें सांगितलेल्या किलोमीटरांपर्यंत बेतानें चालवावें आणि पहिली सर्व्हिसिंग वेळेवर करावी. पिस्टनच्या कड्या भिंतीशीं नीट जुळण्यास हा काळ लागतो. दुसरें, फिल्टर स्वच्छ, झडपांमधील फट बरोबर, चेन ताणलेली पण आंवळलेली नाहीं, आणि चाकांत सांगितल्याइतकी हवा. एवढें पाहिलें तर नकळत हरवलेली शक्ति परत मिळते. तिसरें, महाग व अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलनें शक्ति वाढते हा भ्रम सोडावा. ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला विरोध करण्याची क्षमता. वरील इंजिनाचें संपीडन-प्रमाण ९.५ ला १ इतकें मध्यम आहे; अशा इंजिनास कारखान्यानें सांगितलेलें साधें पेट्रोल पुरतें.

चौथा मार्ग स्प्रॉकेटचा. इंजिनास हात न लावतां चाकापाशीं मिळणारा पीळ वाढवितां येतो. समजा, पुढच्या स्प्रॉकेटला १५ दांते आणि मागच्याला ३८ आहेत. पुढें १४ दांत्यांचें स्प्रॉकेट बसविलें तर चाकावरील पीळ सुमारें सात टक्क्यांनीं वाढतो, आणि त्याच फेऱ्यांत वेग जवळजवळ तितकाच घटतो. शहरांत व घाटांत हा सौदा फायद्याचा वाटतो. महामार्गावर इंजिन अधिक ओरडतें आणि पेट्रोल अधिक लागतें. शिवाय ज्या गाडींत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो तिचा स्पीडोमीटर आणि किलोमीटरची नोंद चुकते. आणि किलोमीटरची नोंद हा तर हमीचा पाया. म्हणून हा बदलही शोरूमला लेखी विचारून आणि त्यांची लेखी संमति हातीं घेऊनच करावा. तोंडी संमतीस वादाच्या वेळीं कांहीं किंमत उरत नाहीं.

पांचवा मार्ग कारखान्यानें स्वतः पुरविलेल्या जोडसामानाचा. पुष्कळ कंपन्या आपल्या नांवाचे सायलेन्सर, सस्पेन्शन, बैठका वगैरे विकतात, आणि शोरूममध्यें बसविल्यास त्यांवर हमी देतात. असा भाग घेतांना तीन गोष्टी विचाराव्या: तो रस्त्यावरील वापरासाठीं प्रमाणित आहे कीं केवळ शर्यतीच्या मैदानासाठीं, त्यामुळें इंजिनाच्या हमीवर परिणाम होतो काय, आणि ही हमी बिलावर लिहून मिळेल काय. काढलेला मूळ भाग विकूं अगर टाकूं नये. तो कागदांत गुंडाळून बिलासह घरीं ठेवावा. उत्तम टायर, चांगलें ब्रेक पॅड आणि घाटांतील वळणें नीट घेण्याचें शिक्षण यांनीं प्रवासाचा वेळ जितका वांचतो तितका तीन अश्वशक्तींनीं वांचत नाहीं. आणि त्यांपायीं हमीही जात नाहीं.

इतकें सांभाळूनही बिघाड झाला आणि शोरूमनें असंबद्ध कारणासाठीं हमी नाकारली, तर मालकानें गप्प बसण्याचें कारण नाहीं. नकार लेखी मागावा. बिघडलेला भाग हरवूं देऊं नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याखालीं जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. मालक राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे ती करतां येते, वकील लागतोच असें नाहीं, आणि पांच लाखांपर्यंतच्या किंमतीच्या वस्तूस शुल्कही पडत नाहीं. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ती दाखल केली पाहिजे. दोष आहे कीं नाहीं हें तपासणीवांचून ठरत नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवूं शकतो. ज्याची गाडी मूळ स्थितींत आहे, किंवा ज्याचे फेरफार लेखी संमतीचे आहेत, त्याला ही तपासणी उपकारक ठरते. ज्यानें तारा तोडून पेटी बसविली आणि मग ती लपविली, त्याच्याविरुद्ध तीच तपासणी पुरावा होते.

तात्पर्य, शोरूमचा "एक स्क्रू" आणि दुकानदाराचें "कांहींएक होत नाहीं" यांच्यामध्यें खरी वाट आहे. इंजिनाच्या श्वासमार्गास आणि संगणकास न शिवणारे लहान फेरफार हमीस सहसा बाध आणीत नाहींत, तरी ते विचारून करावे. श्वासमार्ग, धूर आणि कोष्टकें यांना हात घालणारे फेरफार इंजिनाची हमी धोक्यांत आणतात, विम्यास बाध आणतात, आणि रस्त्यावर कायद्याचा भंग करतात. त्यांतून मिळणारी शक्ति एका घाटाच्या चढाइतकीही नसते. ज्या तरुणास त्याहून अधिक जोर खरोखरच हवा असेल, त्यानें हमीचीं तीन वर्षें गाडी नीट सांभाळावी, हप्ते फेडावे, मूळ सायलेन्सरसह ती चांगल्या किंमतीस विकावी, आणि मोठ्या इंजिनाची गाडी घ्यावी. ती शक्ति कारखान्यानें मोजून दिलेली असेल, आणि तिच्याबरोबर नवें हमीपत्रही मिळेल.